अंगठा लावला तो मीच

विश्रांतवाडीच्या पुढं आमची शेती व्हती. तिथं आता इमारती हायेत. मी दुसरी शिकले, ती पन अर्धी. अंगठा मात्र लई ठिकानी लावला. रेशनच्या मशीनवर, बँकेत, जमिनीच्या कागदावर. समोरचा म्हनतो, "आजी, हितं दाबा," आपन दाबतो. इचारत बसलं तर मागची रांग वरडती.

एका दुपारी गुडघे लई ठनकत व्हते. सुनेचा फोन घेतला. फोनमंदी बोलून कसं इचारायचं ते तिनंच शिकवल्यालं. गुडघ्याचं औषध इचारलं. एक पान उघडलं. गोल गोल काय तरी फिरत व्हतं, खाली निळं बटन. 'तुम्ही माणूस असाल तर परवानगी द्या,' अक्षर लावून लावून वाचलं. मानूस तर हायच मी. अंगठा दाबला. औषध काय दिसलं न्हाई, फोन ठिवून दिला.

दुसऱ्या दिसापासनं फोन सारखा वाजाया लागला. उघड्या बायांची चित्रं. 'जवळच कुणीतरी तुमची वाट बघतंय.' सून एक घालवायची, की दुसरं यायचं.

"आत्याबाई, हे कुठनं येतंय ओ?"

मला वाटलं, माझ्यानंच झालं आसंल. पन बोलले न्हाई. फोन बिघडवला म्हनून पोरगं वरडंल, ह्याची भीती. पोरगं म्हंजे चाळिशीचा बाप्या.

चार दिसांनी त्यानं ते वाचलं. सून भाकरी करत व्हती.

"कोन वाट बघतंय तुझी?"

"अहो, मला न्हाई ठाव."

"तुला न्हाई ठाव? त्याला बरं ठाव तू कुठं ऱ्हातीस!"

केस धरून त्यानं तिचं तोंड ओट्यावर आपटलं. दात पडला. पिठात रगत. उठाया गेली तर पोटात लाथ. मग उजवा हात पिरगाळला, कडकन वाजला. त्याच्या बापानं माझा मोडला तवा असाच वाजला व्हता.

मी मधी पडले. "आरं, ते मी दाबलं! तिचं काय न्हाई त्यात!"

"गप म्हातारे. तुझी कोन वाट बघतंय, यमाशिवाय?" असं म्हनून हसला. मला ढकललं, कपाळ चौकटीवर फुटलं. त्यानं पट्टा काढला. मी फडक्यानं चुलीवरचा तापल्याला तवा उचलला आन त्याच्या दंडावर दाबून धरला. कातडं चिकटलं. पट्टा सुटला हातातनं.

सुनेला रिक्षात घातलं, चौकीत नेलं. तिथल्या हवालदार बाईनं फोन बघितला.

"आजी, हे कुणी ओळखीचं पाठवत नाहीये. लबाड पानं असतात. एकदा परवानगी दिली, की असल्या जाहिराती येतच राहतात." दोन ठिकानी दाबलं, बंद झालं. इतकंच.

मागनं पोरगं आलं, दंडाला वलं फडकं गुंडाळून. बाईनं त्यालाबी तेच सांगितलं.

"मंग मिटलं की. चला घरी."

सुनेचे व्हट सुजल्याले. तिनं नुसती मान हलवली. न्हाई.

"आये, तू तरी सांग तिला."

"चार दिस मी गप्प बसले, त्याचं हे झालं," मी म्हनलं. "आता तुझ्यासाठी काय बोलू?"

दवाखान्यात तिचा हात बांधून घेतला आन त्याच दिशी आम्ही दोघींनी येगळी खोली बघितली. तिच्या हातात अजून जोर न्हाई. धुनं ती घासती, मी पिळते. तिनं त्याच्यावर तक्रार केलीया, आता मला कोर्टात साक्षीला उभं ऱ्हायचं हाय. वकील म्हनला, आजी, पोटचा पोरगा हाय, इचार करा. म्हनलं, केला.