नाल्याकाठचं गवत

चेरीतालमध्ये शालिग्राम ढोमणे यांची ख्याती एकच: हा माणूस दुधात पाणी घालत नाही. त्यांच्या गायी नाल्याकाठच्या हिरव्यागार गवतावर चरायच्या. कॉलेजात शिकवणाऱ्या पुतणीनं ते गवत तपासलं, तर नाल्याच्या पाण्यातलं शिसं त्यात उतरलेलं. तेच दुधातही येतं, हे कळताच शालिग्रामजींनी गायी गोठ्यात बांधल्या आणि कोरडा भुसा सुरू केला. हिरवा चारा सुटल्यानं पिवळसर दूध पांढरं दिसू लागलं.

"भैया, पाणी घालून राहिले काय?" नेहमीच्या गिऱ्हाईक माधवीताईंनी विचारलं.

"नाही दीदी, नाल्याचं गवत बंद केलं. शिसं होतं त्यात."

"अच्छा! म्हणजे आजवर आम्हाला शिसं पाजलं?"

तेव्हापासून ताई शेजारच्या विक्कीचं दूध घेतात. विक्की काही सांगत बसत नाही. त्याच्या गायी आता शालिग्रामजींच्या वाट्याचंही गवत खातात.