श्री. नाही, सौ. नाही: वसईकडची एक पडताळणी

वीसेक वर्षांपूर्वी मी सामान्यज्ञानाच्या एका गाइडात ‘पहिले कोण’ हे प्रकरण सांभाळायचे. आपल्या लोकांना पहिलं असण्याचा भारी सोस. त्या वर्षी एकट्या वसई तालुक्यातून तीन पत्रं आली: पहिला तृतीयपंथी लोकप्रतिनिधी आमच्याच गावचा. संपादक म्हणाले, स्वतः बघून या. मी ठाण्याहून घोडबंदरमार्गे वसईची एसटी धरली. जाणार असाल तर उजवीकडची खिडकी पकडा, खाडी दिसते. तेव्हा हा सगळा ठाणे जिल्हाच होता.

वालीवच्या उमेदवाराचं डिपॉझिट जप्त झालेलं निघालं. उभं राहण्यात तरी आम्ही पहिलेच ना, असं पत्र लिहिणारा वेल्डिंगवाला मलाच विचारत होता. गोखिवऱ्याचे ‘पहिले’ म्हणजे गावच्या नाटकात उभी हयात स्त्रीपार्ट केलेले एक माजी सदस्य. विरोधकांनी खुन्नस काढायला पत्र धाडलेलं. आजोबांनी मिशीवरून हात फिरवत मला चहा पाजला आणि स्वतःच्या लग्नाची जुनी पत्रिका दाखवली. नातवंडं मोजून घ्या, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नालासोपारा पश्चिमेहून शेअर रिक्षाने कळंब. किनारा छान आहे, पण जेवण हवं तर कॉटेजवाल्याला आदल्या दिवशी सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं. तशीच उपाशी पुढच्या गावी गेले.

तिसरं पत्र सगळ्यांत गोड होतं. ‘आमच्या गावाचा अभिमान’ वगैरे, खाली ‘समस्त ग्रामस्थांतर्फे’ म्हणून एक सही, आणि ग्रामपंचायतीच्या फलकाचा फोटो. सगळ्या सदस्यांपुढे श्री. नाहीतर सौ.; फक्त मोगरा या नावापुढे कोरी जागा. पुरावा म्हणून त्यावर लाल गोल केला होता.

मोगराताई सार्वजनिक नळावर प्लंबरशी वाद घालत होत्या. पदर खोचलेला, हातात पाना. मी वहीपेन काढलं तशी रांगेतली एक बाई म्हणाली, “आदी पानी येऊ दे, मग तिला काय ते इचार.”

पाणी आलं. मग ताईंनी मला घरी नेऊन तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील वाढले. मी मोठ्या कौतुकाने पत्र वाचून दाखवलं. त्यांनी फक्त सही कुणाची ते विचारलं. मी नाव सांगितलं.

“हा समस्त ग्रामस्थ म्हनजे निवडनुकीत माज्यासमोर पडलेल्या बाईचा नवरा,” त्या म्हणाल्या. “जागा बायकांची हाय. तुमच्या पुस्तकात छापून आलं का तो ते घेऊन कोर्टात जानार.”

खरं सांगते, लाज वाटली. दोन दिवस मी जिला पडताळणी म्हणत होते, ती त्या माणसासाठी केलेली फुकटची हेरगिरी होती.

फलकाचं विचारलं. श्री. लिहू द्यायला ताई तयार नव्हत्या, सौ.साठी रंगारी नवऱ्याचं नाव मागत होता. शेवटी जेवून येतो म्हणून गेला, तो अजून येतोच आहे.

“मग मी काय लिहू?” मी विचारलं.

“बाईच्या जागेवर बाई आली. यात नवीन काय?”

निघताना त्यांनी सुकेळीचं एक पुडकं दिलं. वसईला गेलात तर ही वाळवलेली केळी चुकवू नका.

त्या वर्षीचं गाइड या नोंदीशिवाय निघालं. लगेच समस्त ग्रामस्थांचं चिडलेलं पत्र आलं, आमच्या गावाचा अभिमान का गाळला म्हणून. मी लेटरहेडवर उत्तर धाडलं: ‘प्रत्यक्ष भेटीत पडताळणी झाली. महिला राखीव जागेवर महिला निवडून आल्या आहेत. यात पहिले असे काही आढळले नाही.’

मोगराताईंनी पाच वर्षं पुरी केली. पुढे महानगरपालिका झाली, ग्रामपंचायत गेली, म्हणून आता हे लिहायला हरकत नाही. गावाचं नाव तरीही विचारू नका. फलक उतरवला तेव्हाही त्यांच्या नावापुढची जागा कोरीच होती, असं ऐकलं.