स्थळाचा फोटो

व्हिनेगरची बाटली उघडली की अजूनही चिंचवडच्या स्टुडिओतली, फोटो धुण्याच्या रसायनाच्या तशाच आंबट वासाची डार्करूम आठवते. बी.ए. करताना तिथे इतरांचे फोटो भिंगाखाली तासन्‌तास बघूनच मी फोटोग्राफी शिकले. म्हणूनच मामांनी ताईसाठी आणलेल्या स्थळाच्या फोटोवर माझी नजर अडकली. मुलाच्या मांडीवरच्या हाताची दोन बोटं ब्रशनं रंगवलेली होती. त्यांना सावलीच नव्हती. ते मामांना आणि ताईला सांगताना मला अभिमान वाटला होता.

"कंपनीच्या प्रेस शॉपात, पत्रा दाबायच्या मशिनीखाली जातात की गं बोटं," मामा म्हणाले. "दोन बोटांपायी पर्मनंट मुलगा घालवता व्हय?"

"बोटं नसती तरी चाललं असतं, मामा," ताई म्हणाली. "पण सगळ्या घरानं मिळून लपवलंय. तिथं आणखी काय काय लपलं असेल?"

मामांनी फोटो पाकिटात घातला. "मी होकार कळवून आलोय, पोरी."