आक्कांच्या चटणीत वीट

आक्का फोन घेण्याआधी डोक्यावरून पदर घ्यायच्या. पलीकडचं माणूस मुंबईत असो नाहीतर मिरजेत, पदर सारखा केल्याशिवाय त्या रिसीव्हरला हात लावत नसत. एकदा मी हसून म्हणाले, "आक्का, त्यांना कुठं दिसतंय?" तर म्हणाल्या, "माझ्या हातचं खानारं मानूस हाय ते वैनी. त्येला दिसत नसंल, मला तर कळतंय."

फोन आमचा होता. सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या ओळीत तेव्हा तो एकच, माझ्या मिस्टरांना कॉलेजच्या कामासाठी घेतलेला. आक्कांच्या चटणीच्या पिशवीवर त्यांच्या नावाखाली आमचा नंबर आणि पुढं 'पी.पी.', म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, असं छापलेलं असे. त्यामुळं कुणाला किती कांदा-लसूण चटणी हवी, कुणाकडं लग्न आहे, हे सगळं आधी माझ्या कानावर यायचं आणि मग मी मागच्या गॅलरीतून आक्कांना हाक मारायची.

मूळच्या त्या पाटणकडच्या. नवरा माधवनगरला गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर तो ओसरीवर बसून राहिला आणि आक्का कामाला लागल्या. त्यांचे भाऊ पलटणीत. सुट्टी संपली की बहिणीची चटणी ट्रंकेत घालून न्यायचे. तिथून तिचं नाव लांबलांब गेलं. मग पोस्टानं, एस.टी.नं, कुणाच्या हाती, अशी ती पुण्या-मुंबईला जायला लागली.

मिरची घेताना आक्का व्यापाऱ्याला रडकुंडीला आणायच्या. पोत्याच्या तोंडची मिरची त्या बघायच्याच नाहीत, खालची उपसायला लावायच्या. चटणी भाजायच्या दिवशी आमची सगळी ओळ खोकायची. कुणी खिडकीतून ओरडलं की त्या खालून म्हणायच्या, "खोका, खोका. मी बी खोकतीच हाय." संध्याकाळी प्रत्येक घरात वाटीभर ताजी चटणी पोचलेली असायची.

गिऱ्हाइकाशी त्या कधी वाद घालत नसत. कुणी म्हणालं, वजन कमी भरलं, की पुढच्या पार्सलात जास्तीची पिशवी जायची. मला ते पटत नसे. मी म्हणायची, "खोटं बोलतात लोक." आक्का म्हणायच्या, "आसंल बी कमी. चटणीपायी कोन कशाला खोटं बोलंल?"

साताऱ्याच्या वकिलीणबाईंनी लेकीसाठी चटणी मागवली. लेक लग्न होऊन परदेशी निघाली होती. तिच्या बॅगेत चटणीच्या पिशव्या साड्यांच्या घड्यांमध्ये कोंबल्या, त्यावर बाकीचं सामान दाबलं, आणि व्हायचं तेच झालं. पिशवी फुटली, तेल साड्यांना लागलं. वकिलीणबाईंचा फोन आला तेव्हा त्या इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. आक्कांनी दुसऱ्याच दिवशी नवी चटणी पत्र्याच्या डब्यात भरून, झाकणाला मेण लावून फुकट पाठवली. ती बाईंनी ठेवून घेतली. मग पुन्हा फोन, साड्या भरून द्या म्हणून. आक्का अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, चटणी कितीबी घ्या. साड्या न्हाई वो मला जमायच्या."

पुढच्या आठवड्यात साताऱ्याच्या एका दैनिकात वाचकांच्या पत्रात ते छापून आलं. सांगलीच्या अमुक बाईंच्या चटणीत विटेची पूड असते, आमच्या घरातली सगळी माणसं आजारी पडली, भगिनींनी सावध राहावं. खाली नाव वकिलीणबाईंचं. आक्कांना फारसं वाचता येत नसे. मी वाचून दाखवलं.

"वीट?" एवढंच त्या म्हणाल्या. पेपर हातात घेऊन पुन्हा म्हणाल्या, "म्या वीट घातली?"

त्यानंतर फोन वाजायचा तो ऑर्डरी रद्द करायला. काही जण तर नुसते हसायला फोन करायचे. "कोणत्या भट्टीची वीट घालता हो?" असं एकानं विचारलं आणि मागं चार माणसं खिदळली. मी आक्कांच्या वतीनं खुलासा लिहून पाठवला. तो छापला नाही. मिस्टरांनी दैनिकात फोन केला तर, "अशी पत्रं रोज येतात, सगळ्यांना जागा कुठून देणार?" असं उत्तर मिळालं.

शेवटी आक्का म्हणाल्या, "मी जाऊन इचारते. चला माझ्यासंगं."

आम्ही साताऱ्याला पोचलो तेव्हा वकिलीणबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी येऊन दार उघडताच आक्का उंबऱ्यावरच थांबल्या. आत रस्सा उकळत होता आणि त्याचा वास आम्हा दोघींच्या ओळखीचा होता. वकिलीणबाईंनाही कळलं असावं. त्या जराशा गोंधळल्या, पण लगेच हसून म्हणाल्या, "या ना. जेवूनच जा आता."

"आवं बाई, वीट हाय तर खाता कशाला?"

"अहो, तेव्हा साड्यांचा राग होता डोक्यात. तुमची चटणी चांगलीच आहे. मी कुठं नाही म्हणते?"

"मग तसं लिवा की पेपरात."

वकिलीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, जणू मी आक्कांना समजवावं. "आता पुन्हा कसं लिहिणार? ह्यांचं नाव आहे गावात. लोक मला काय म्हणतील? आणि असलं काय कोण लक्षात ठेवतं हो! बसा, पानं घेते."

आम्ही पाणीही न घेता निघालो. कऱ्हाडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा आक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ती वाईट आसती तर लय बरं झालं आसतं वैनी. वाढत व्हती वो ती आपल्याला."

पुढं आक्कांनी नाव छापलेल्या पिशव्या चुलीत घातल्या. मार्केटमधला एक दुकानदार त्यांच्याकडून चटणी सुटी घेऊन स्वतःच्या नावाच्या पाकिटात विकायला लागला. ती खपली, चांगली खपली. माझ्यासमोर लोकांनी त्या दुकानदाराचं कौतुक केलं. आक्का पूर्वीसारख्याच राबायच्या, पण चव कशी झाली हे त्यांनी पुन्हा कुणाला विचारलं नाही. वाट्या पाठवणंही बंद झालं. दोनेक वर्षांनी गुडघ्यांनी साथ सोडली, तेव्हा दुकानदारासाठी करणंही थांबलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आक्का माझ्याकडं शेवया करू लागायला आल्या होत्या आणि फोन वाजला. वकिलीणबाई होत्या. लेक बाळंतपणाला आलीय, तिला आक्कांचीच चटणी हवीय, बाजारातल्या पाकिटालाही मध्यंतरी तशी चव होती पण आता नाही, आक्का करून देतील का? मी रिसीव्हरवर हात ठेवून आक्कांना सांगितलं.

हातातली शेवई न तोडता त्या म्हणाल्या, "सांगा, आक्का मेली."

मी रिसीव्हर त्यांच्यापुढं केला. त्यांनी मान हलवली, "सांगा."

मी सांगितलं. पलीकडून वकिलीणबाई कळवळून म्हणाल्या, "अरेरे! हो का? काय चव होती हो त्यांच्या हाताला. आणि स्वच्छ किती! असं माणूस आता मिळायचं नाही." त्या खरोखरच हळहळत होत्या.

फोन ठेवल्यावर आक्कांनी विचारलं, "काय म्हनली?"

मी शब्दन् शब्द सांगितला. आक्कांनी हातातली शेवई दांडीवर वाळत टाकली, बोटांचं पीठ झाडलं आणि म्हणाल्या, "ह्ये जित्या मानसाचं लिवाया काय झालं व्हतं वो तिला?"