दाजींनी घासलेली सायकल

माझे दाजी पॉलिशवाले. नळ, कड्या, दारांच्या मुठी, धातूचं जे काही हाती लागेल ते फिरत्या चाकावर धरायचं आणि त्यात तोंड दिसेपर्यंत सोडायचं नाही, हे त्यांनी चाळीस वर्षं केलं. त्यांच्या घरी चमच्यात बघून दाढी करता आली असती. ताईचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. माझ्या पट्ट्याच्या बकलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "काढ, आण इकडे."

अशा माणसाच्या घरात एकच वस्तू मळकी होती, ती म्हणजे त्यांची शर्यतीची सायकल. तरुणपणी दोन वर्षं ओव्हरटाइम करून घेतलेली. गुडघा गेला तसं तिच्याकडे बघवेना, म्हणून मागच्या खोलीत चादर टाकून उभी केली, ती पंचवीस वर्षं तशीच.

चार महिन्यांपूर्वी लकव्याने ताईची उजवी बाजू गेली. ताई शिवणकाम करायची. काजं तर अशी करायची की कपडा उलटा धरला तरी सुलट वाटावा. व्यायाम करून घ्यायला बाई यायच्या, आठवड्यातून दोनदा. तेवढंच परवडत होतं. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पहिल्या सहा महिन्यांत जे परत येईल ते येईल. मला रोज येऊ द्या." रोजचं काढायचं कुठून? मी शाळेची व्हॅन चालवतो. मला जे देता येत होतं ते देऊन झालं होतं.

म्हणून दाजींना विचारून मी सायकलीचे फोटो काढले आणि ती नेटवर विकायला टाकली. जुन्या सायकली जमवणाऱ्या एका गृहस्थाचा फोन आला. त्याने आकडा सांगितला तेव्हा मी व्हॅन कडेला घेतली. बाईंचं रोजचं त्यात सहज भागलं असतं. तो म्हणाला, "फक्त तिला हात लावू नका. धूळसुद्धा पुसू नका. रविवारी येतो."

हे मी दाजींना सांगितलं, तर ते हसले. "ही जुनी चाल आहे. माल मळका ठेवायला सांगायचं, आणि आल्यावर मळाकडे बोट दाखवून भाव पाडायचा. असली गिऱ्हाइकं मी कोळून प्यायलोय."

मला ते पटलं. खरं म्हणजे वाद घालायचा कंटाळा आला होता. त्या कंटाळ्याबद्दल मी अजून स्वतःला शिव्या देतो.

दाजींनी सायकल सुटी केली. क्रँक, मागचा गिअर, हब, सगळं चाकावर धरलं. सांगाड्यावरची जुनी अक्षरं थिनरने पुसून काढली. ब्रेकच्या मुठी मात्र ताईकडे दिल्या. ती उशीला टेकून बसायची, मूठ मांडीवर, फडकं डाव्या हातात. तिसऱ्या दिवशी तिने फडकं उजव्या हातात घेतलं. बोटं वळली. सगळी नाहीत, दोन. दाजी मला हाका मारत रस्त्यापर्यंत पळत आले, त्या गुडघ्याने. बाईंनी हात पाहिला आणि म्हणाल्या, "आता थांबायचं नाही." त्या घरात आम्ही चार महिन्यांत हसलो असू तर त्याच आठवड्यात.

रविवारी तो गृहस्थ आला. बाहेरच्या खोलीत दाजींनी चादर ओढली. सायकल नव्या नवरीसारखी उभी होती. तो तिच्याभोवती एकदा फिरला. मग खाली बसून हळूच म्हणाला, "हे काय केलंत हो?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने समजावून सांगितलं. भागांवरचा मूळचा करडा थर, त्यावर कोरलेलं कारागिराचं नाव, सालाचा आकडा, लोक पैसे देतात ते त्याचे. "चकचकीत सायकल तर कुठेही मिळते." त्याने ब्रेकच्या मुठीवर बोट फिरवलं. "सगळ्यात दुर्मीळ ह्या होत्या. इथे नाव होतं."

"त्या मीच घासल्या," दाजी म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

चामडं चाकावर धरता येत नाही म्हणून सीट तेवढी वाचली होती. ती त्याने सोडवून घेतली आणि चांगल्या मनाने जरा जास्तच पैसे दिले. पण सीटची किंमत ती केवढी. बाईंचा एक आठवडा.

तो गेल्यावर दाजी सीट नसलेल्या सायकलीकडे बघत उभे राहिले. "मला माहीत असलेलं एकच काम," ते म्हणाले, "आणि त्यानेच घात केला." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. मी ठेवला नाही. मलाही त्यांचा राग आला होता, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

आतून ताईने हाक मारली. आम्ही दोघं गेलो. ती कधीची उठून बसली होती, केस डाव्या हाताने जमतील तसे विंचरलेले.

"अहो, गेली?"

"गेली," दाजी म्हणाले.

"मुठी... आवडल्या त्याला?"

"त्याच तर सगळ्यात आवडल्या."

तिचं अर्धं तोंड हसलं. मग ती माझ्याकडे वळली. एकेक शब्द जुळवत म्हणाली, "बाईंना फोन कर. उद्यापासून... रोज या म्हणावं."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी खिशातून फोन काढला आणि ताईला म्हणालो, "करतो."