कॅमेऱ्यावरचं नाव

जुन्या वस्तू विकत घेणारा एक तरुण माझ्या फोटो स्टुडिओतला मोठा लाकडी कॅमेरा पाहायला आला होता. त्याने कातडी भाता ताणून बघितला आणि पुढच्या पितळी पट्टीवरून बोट फिरवत म्हणाला, "काका, माल विलायती आहे. नावच आहे ना."

"पट्टी विलायती आहे," मी म्हणालो. "मोडक्या कॅमेऱ्यावरची काढून मीच इथे बसवली. विलायती कॅमेऱ्यासमोर बसायला गिऱ्हाइकाला आवडायचं. कॅमेरा आमच्या गल्लीतल्या दत्तू सुताराने बनवलाय."

"हे दुसऱ्या कोणाला सांगू नका. सुताराला कोण विचारतो?"

इतकी वर्षं मीही विचारलं नव्हतं. दत्तू स्टुडिओत यायचा, पट्टीकडे बघायचा आणि चहा पिऊन जायचा. आता तो नाही, आणि खरं सांगायला बसलो तर ऐकणाऱ्यालाच ते नको आहे. वस्तू हातात असताना माणसं नुसतं नाव वाचतात, याचा मला वीट आला आहे. फोटो काढताना काळ्या कापडाखाली, कॅमेऱ्याच्या काचेवर आम्हालाही जग उलटं दिसायचं, पण ते उलटं आहे हे निदान ठाऊक असायचं.

मी स्क्रू काढून पट्टी त्याच्या हातात ठेवली.

"मग आता कॅमेरा कोणाचा म्हणून लिहू?" तो वैतागला.

"दत्तू सुताराचा लिही," म्हटलं, "आणि मग भाव सांग."