स्विचवाल्या काकांचे तीन अर्ज

"बंद करू नका. आहे तसं राहू द्या."

आमच्या हॉस्पिटलात कुठेही नेट गेलं, की स्विचवाले काका जिन्यातूनच हे सांगत वर यायचे. आपण सगळे काय करतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं: मशीन बंद करायचं, चालू करायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. "आजारी माणसाला आंघोळ घालून डॉक्टरकडे नेता का?" ते विचारायचे. "नेमकी दुखण्याची खूण धुतली जाते."

सदाशिव पेठेतलं चार मजल्यांचं हॉस्पिटल. मी तिथे आवक-जावक बघते. काका कंत्राटावर होते. पंचावन्नच्या पुढचे, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, खिशाला टेस्टर.

नेटवर्कचा स्विच म्हणजे काय, हे त्यांनी मला ओपीडीच्या रांगेकडे बोट दाखवून शिकवलं. तिथे टोकन देणारा असतो ना, तसा हा प्रत्येक मशीनला एक पत्ता देतो. पत्ते ठरावीक. ते संपले, की मागून येणारा कितीही अत्यवस्थ असो, त्याला कुणी विचारत नाही. असं मशीन मग स्वतःच स्वतःला १६९ने सुरू होणारा पत्ता लावून घेतं, पण इतर मशीन काही त्याच्याशी बोलत नाहीत. तो आकडा दिसला, की काका हळहळायचे, "पोरकं झालं बिचारं."

आमच्याकडे नातेवाइकांचे फोनही त्याच स्विचकडून पत्ते घ्यायचे. भेटीची वेळ झाली, की पत्ते संपत आणि प्रिंटर रुसून बसत. काका एकेक पत्ता सोडवत बसायचे. फोन वेगळे करू द्या, पेशंटच्या मॉनिटरचे पत्ते राखून ठेवू द्या, त्यासाठी एक दिवस वायफाय बंद ठेवायला परवानगी द्या, असे तीन अर्ज त्यांनी वर्षभरात दिले. साहेबांचं उत्तर तिन्ही वेळा तेच, की सध्या चाललंय ना, मग चालू द्या. वायफाय बंद केलं तर नातेवाईक बोंब मारतील. अर्जाची पोच घेऊन ठेवा, असं मी काकांना म्हटलं होतं. पुण्यात लोक आहेराचीही पोच मागतील, पण हा गृहस्थ म्हणाला, "तुम्ही आहात ना ताई, मग पोच कशाला?"

खोली अकरातला मॉनिटर दुरुस्तीला गेला होता. खोली रिकामी होती, म्हणून सिस्टरांच्या टेबलावरच्या, सगळ्या खोल्यांतले ठोके दाखवणाऱ्या मोठ्या पडद्यावर अकराचा चौकोन दोन दिवस काळाच होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मॉनिटर परत आला. कुणीतरी वायर खोचली, काकांना कळवलं नाही आणि एका आजींना तिथे हलवलं. नेमकी भेटीची वेळ, पत्ते संपलेले. मॉनिटर खोलीत चालू होता, पण पडद्यावर चौकोन काळाच राहिला. पाळी बदलताना घाईत सांगायचं राहून गेलं आणि नव्या सिस्टरला वाटलं, अकरा अजून रिकामीच आहे. बंद दाराआड तो मॉनिटर किती वेळ वाजत होता, कोण जाणे. आजी गेल्या.

काका आले, तेव्हा सगळे मिळून मशीन बंद-चालू करत होते. त्यांनी कुणाला अडवलं नाही. स्विचमधली यादी उघडून ते एकेक ओळ तपासू लागले. यादीत फोनची नावंही दिसतात. अकराच्या मॉनिटरचा जुना पत्ता एका फोनला गेला होता, आणि त्या फोनला दिलेलं नाव मी सकाळीच भरतीच्या फॉर्मवर वाचलं होतं. आजींच्या मुलाचं. आईला नव्या खोलीत हलवलं की वर बोलावतील, म्हणून तो खाली बाकावर वाट बघत होता.

खूण जपा म्हणून जन्मभर सांगणाऱ्या माणसानं ती ओळ पुसली. "हे आपल्या दोघांतच राहू द्या, ताई. नाहीतर तो आयुष्यभर स्वतःला खात बसेल."

चौकशीत ठपका काकांवर आला. त्यांनी एवढंच सांगितलं, की तीन अर्ज दिलेत, आवकमध्ये असतील. साहेबांनी मला आत बोलावलं आणि असे काही अर्ज आहेत का, असं विचारलं. विचारतानाच ते नकाराची मान हलवत होते. मला कायम करण्याची फाइल त्यांच्याच टेबलावर होती. मी म्हटलं, सापडत नाहीत.

शेवटच्या दिवशी काका स्विचच्या खोलीची किल्ली द्यायला आले.

"मिळाले का हो अर्ज?"

"शोधतेय," मी म्हटलं.

त्यांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "राहू द्या. तुम्ही नका त्रास करून घेऊ." त्या मुलाबद्दल बोलताना होता, तसाच आवाज. त्यांना सगळं कळलंय, हे मला तेव्हा कळलं, आणि तरी मी ड्रॉवर उघडला नाही.

ते पुन्हा दिसले नाहीत. नव्या माणसानं फोन वेगळे करायचं काम एका दुपारीत उरकलं. कुणीही बोंब मारली नाही. मी कायम झाले. अर्ज अजून माझ्याकडेच आहेत, तिन्हींवर माझ्याच हातचा शिक्का. मला स्वतःची किळस येते, पण ती घेऊन मी रोज वेळेवर कामावर जाते.

मध्यंतरी आजींचा मुलगा कागदांच्या प्रती न्यायला आला होता. जाताना दारात थांबला.

"त्या नेटवर्कवाल्याला काढलं ना?"

"हो."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि माझे आभार मानून गेला.